पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पहिला पाठ आणि मराठीचा अभ्यासक

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याची पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी ओळख सामान्यतः दोन वाटांनी झालेली असते. पदवीच्या काळात त्याने हा विषय घेतला असेल, तर सॉक्रेटिसापासून कांटपर्यंतची नाममालिका त्याने परीक्षेपुरती आत्मसात केलेली असते. घेतला नसेल, तर साहित्यविचाराच्या अभ्यासात अधूनमधून भेटणारे अनुकृती, निरिच्छ आनंद, अस्तित्ववाद यांसारखे शब्द हीच त्याची पुंजी असते. या दोघांत वरवर दिसते तेवढे अंतर नाही. पहिल्यापाशी उत्तरे असतात, पण ती कोणत्या प्रश्नांची आहेत हे त्याला सांगता येत नाही. दुसऱ्यापाशी केवळ संज्ञा असतात. प्रश्नाशी गाठ कोणाचीच पडलेली नसते. महाविद्यालयीन पातळीवरील या विषयाचा पहिला पाठ मुळातून बदलावयास हवा आणि त्या बदलात मराठीच्या अध्यापकांनी सहभागी व्हावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न तत्त्वज्ञान विभागाचा, आपला नव्हे, असे म्हणून तो दूर सारता येणार नाही. एक साधे उदाहरण घेऊ. प्लेटोच्या ‘आयडिया’ या संज्ञेसाठी मराठीत ‘कल्पना’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मराठीत ‘कल्पना’ म्हणजे मनात उद्भवणारी गोष्ट. कवीची प्रतिभा जिच्या बळावर चालते तीही कल्पनाच. साहजिकच विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. खरे जग जर कल्पनांचे आहे आणि कवी जर कल्पनेच्याच प्रांतात वावरतो, तर प्लेटोने कवीला आदर्श राज्याबाहेर का काढावे? हा गोंधळ विद्यार्थ्याच्या मंदबुद्धीचा नसून भाषांतराचा आहे. प्लेटोच्या ‘आयडिया’ कोणाच्याही मनात नसतात. त्या मनोनिरपेक्ष, अविकारी अशी सत्तत्त्वे आहेत. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागातील पलंगाचे उदाहरण या संदर्भात वाचले म्हणजे युक्तिवाद उलगडतो: पलंगाचे सत्तत्त्व, सुताराने केलेला पलंग आणि चित्रकाराने रंगविलेला पलंग अशी ही उतरंड आहे, कवीचे स्थान चित्रकाराच्या शेजारी, म्हणजे सत्यापासून सर्वांत दूर. पुढे लॉक हाच शब्द मनातील विषयासाठी वापरतो. तेथे ‘कल्पना’ हा पर्याय बऱ्याच अंशी चालतो. एकच मराठी शब्द दोन्हीकडे योजल्याने दोन हजार वर्षांत घडलेले विचारांतर विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते.

दुसरे उदाहरण कांटचे. १७९० च्या ग्रंथात सौंदर्यानंदाविषयी त्याने जे विवेचन केले, ते मराठीत ‘निरिच्छ’, ‘अनासक्त’, क्वचित ‘निष्काम’ अशा शब्दांनी सांगितले जाते. हे शब्द उच्चारताच आपल्या मनात गीतेचा कर्मयोग जागा होतो. परंतु गीतेचा प्रश्न फलाशेविना कर्म कसे करावे हा आहे. कांटचा प्रश्न एखादी वस्तू सुंदर आहे हा निर्णय कशावर आधारलेला असतो हा आहे. राजवाडा सुंदर आहे काय, असे विचारल्यावर तो प्रजेच्या घामाचा अपव्यय आहे असे उत्तर देणारा मनुष्य कदाचित खरेच बोलत असेल, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, एवढेच कांटला म्हणावयाचे आहे. येथे वैराग्याचा संबंध नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तील (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचे द्वंद्व समजावयाचे, तर कांटचा हा मुद्दा नेमका कळावा लागतो. पाटणकर स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. साहित्याच्या अध्यापकाला तत्त्वज्ञान परके नाही, याचा तो ग्रंथ पुरावाच आहे.

अस्तित्ववादाची गत याहून वाईट आहे. नायक एकाकी असला, उद्विग्न असला, की त्याच्यावर हा शिक्का बसतो. ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर यातून सुटलेला नाही. सार्त्रच्या विचाराचा गाभा उद्विग्नता नसून स्वातंत्र्य आणि त्यातून अटळपणे येणारे उत्तरदायित्व हा आहे. हे ध्यानात घेतले, तर शिक्का मारण्याऐवजी प्रश्न विचारता येईल: हा नायक आपल्या भरकटण्याकडे स्वतःची निवड म्हणून पाहतो, की परिस्थितीचा परिणाम म्हणून? तत्त्वज्ञानाचा उपयोग समीक्षेला होतो तो असा.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आरंभीच्या विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ पेलत नाहीत. त्याला आधी इतिहासाचा नकाशा हवा. यात तथ्य आहे. परंतु एका वर्षात डझनभर तत्त्वज्ञ उरकणारा अभ्यासक्रम नकाशाही देत नाही, केवळ गावांची नावे देतो. दुसरा आक्षेप देशीयतेचा. पाश्चात्त्यांचे ओझे आपण का वाहावे? याचे उत्तर असे की, ते ओझे मराठी समीक्षेने केव्हाच खांद्यावर घेतले आहे; ते टाकावयाचे तरी त्यात काय आहे हे पाहिलेच पाहिजे. शिवाय खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, ही आपल्याच दर्शनपरंपरेची शिस्त आहे. प्लेटोला पूर्वपक्षाचा मान न देता नाकारणे हे देशीय म्हणता येणार नाही.

म्हणून सूचना एवढीच की, पहिल्या सत्रात दोनच लहान संहिता वाचाव्यात: ‘रिपब्लिक’चा दहावा भाग आणि १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या देकार्तच्या चिंतनांपैकी पहिली दोन. वाचन मराठीत व्हावे आणि प्रत्येक महत्त्वाच्या संज्ञेपाशी थांबून तिचा मराठी पर्याय तपासला जावा. या कामी मराठी आणि तत्त्वज्ञान या दोन विभागांनी एकत्र वर्ग घ्यावा. इतिहासाची रूपरेषा त्यानंतर यावी. परीक्षेत ‘थोडक्यात टिपा लिहा’ याऐवजी एक युक्तिवाद पायरीपायरीने मांडावयास आणि त्यावर एक आक्षेप घ्यावयास सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्याला आशय द्यावयाचा असेल, तर सुरुवातीला असा एक वर्ग पुरेसा आहे. त्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला कदाचित चारच तत्त्वज्ञांची नावे सांगता येतील. परंतु आपल्या प्रबंधात ‘कल्पना’ हा शब्द लिहिताना तो कोणत्या अर्थाने लिहीत आहोत, हे त्याला सांगता येईल.