किल्ला संपला की पोरं कुठं जातात?

दिवाळीच्या आधी बेळगावातल्या कुठल्याही गल्लीत संध्याकाळी एक फेरी मारा. एका कोपऱ्यात दगड-विटांचा ढीग, बाजूला चिखलात बुडवलेली गोणपाटं, आणि कोपरापर्यंत तांबड्या मातीनं माखलेली दहा-पंधरा पोरं. कुणी बुरूज लिंपतोय, कुणी मोबाईलवर ड्रोनचा व्हिडिओ थांबवून थांबवून माचीचं वळण बघतोय, कुणी उतारावर हळीव पेरतोय. यातल्या काहींच्या घरी विचाराल तर आई सांगेल, "एरवी खोलीतनं बाहेर येत नाही ओ, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात."

माझं म्हणणं असं की ही किल्ल्याची मेहनत म्हणजे सीमाभागातल्या तरुणांच्या मनाला आधार देणारी, आपल्या हातातली, बिनपैशाची सोय आहे. आपण मात्र तिला पोरांचा खेळ म्हणतो आणि पहिल्या बक्षिसाच्या ढालीवरून मोजतो.

मनाचा विषय निघाला की आपल्याकडं लगेच "आम्हाला काय झालंय?" असा सूर येतो. काय झालंय ते बघू. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपले आजोबा तरुण होते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपले वडील-काका होते. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा आपण जन्मत होतो किंवा पाळण्यात होतो. आता आपण पदवीला आलो, तरी घरात तोच विषय आणि तेच वाट बघणं. वाट बघण्याचाही ताण असतो, आणि तो वारशानं मिळतो. त्यात भर म्हणून पहाटे चारला उठून भरतीसाठी धावणारी पोरं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात, त्यामुळं फौजेचं स्वप्न घराघरात. वय उलटून गेलं की त्या पोराला प्रत्येक लग्नात एकच प्रश्न, "मग, सध्या काय चाललंय?" कुणाचं आंदोलनातल्या केसमुळं पोलीस व्हेरिफिकेशन अडकलेलं. कुणी मराठी शाळेतनं थेट इंग्रजी कॉलेजात गेला आणि वर्गात तोंडच उघडेनासा झाला.

हे सगळं बोलायचं कुणाशी? बंगळूरच्या निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं होतं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आजारानुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण सत्तरच्या खाली येत नाही. गंमत म्हणजे देशातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ज्या प्रयोगावर उभा राहिला तो आपल्याच राज्यातला, १९८० च्या दशकातला बळ्ळारीचा. म्हणजे वाट आपल्या दारावरून गेली, तरी आपण घरातच. कारण पैसा आणि लाज तर आहेतच, पण भाषाही आहे. "जीव घाबरा होतो", "मन कशात लागत नाही", "कसंतरीच होतंय" हे दुसऱ्या भाषेत सांगायला गेलं की त्यातला जीवच निघून जातो. फॉर्मवर "झोप नीट लागते का, हो/नाही" एवढंच उरतं.

किल्ल्याचं महत्त्व मला इथं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या नात्यावर तीन हजारांहून जास्त अभ्यास तपासून अहवाल काढला. कलेत भाग घेण्याचा फायदा आजार टाळण्यापासून उपचाराला हातभार लावण्यापर्यंत होतो, असं त्यात मांडलंय. इंग्लंडमध्ये २०११ ला 'ऑपरेशन नाइटिंगेल' सुरू झालं. युद्धात शरीरानं आणि मनानं जखमी झालेल्या सैनिकांना पुरातत्त्वाच्या उत्खननावर न्यायचं, हातात खुरपं द्यायचं आणि सोबत माती उकरायची. तिथं त्यांना कुणी समोर बसवून "तुला काय होतंय" असं विचारत नाही. काम चालू असतं, नजर मातीत असते, आणि बोलणं आपोआप सुटतं.

आपल्या गल्लीत वेगळं काय होतं? चिखल तुडवताना कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नाही, म्हणून बोलता येतं. प्रत्येकाला एक काम असतं, म्हणून उद्या यावंच लागतं. दोन दिवस कुणी आला नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जातं. आणि शेवटी, लोक बघायला आले की माईक हातात घेऊन किल्ल्याची माहिती सांगावी लागते, तीही आपल्या भाषेत, न अडखळता. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. कॅनडातल्या क्युबेकचा विचारवंत चार्ल्स टेलर १९९२ च्या निबंधात म्हणतो, की समोरच्यानं आपली ओळख नाकारली तर आपण आतूनही खचतो. वर्षभर ज्याची भाषा ऑफिसात, बोर्डावर, फॉर्मवर कुठंच चालत नाही, त्याला त्या चार दिवसांत शंभर माणसं गप्प बसून ऐकतात.

आमच्या गल्लीतला एकजण भरतीत दोनदा बाहेर पडल्यावर जवळजवळ मुका झाला होता. किल्ल्यानं तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो आजही गोळ्या घेतो. पण "चल, डॉक्टरकडं जाऊ" असं त्याला पहिल्यांदा म्हणाला तो त्याच्याबरोबर गोणपाट भिजवणारा मित्र होता. घरच्यांनी तोवर दोन देवऋषी केले होते.

म्हणून किल्ल्याचं चाललंय ते बघून मला काळजी वाटते. काही ठिकाणी आता थर्माकोलचा तयार किल्ला येतो, वर नेत्याचा फ्लेक्स, खाली डीजे. बघायला छान दिसतो, पण हाताला काम उरत नाही. बक्षिसावरून दोन मंडळांत हाणामारी होते ती वेगळीच. जे मंडळ माणसं कमी आणि वर्गणी जास्त गोळा करतं, त्याचा किल्ला कितीही उंच असू दे, त्यातनं कुणाच्या मनाला काही मिळत नाही.

आणखी एक बोलते, काहींना आवडणार नाही. आपल्या वारशाचा आपण फक्त राग ठेवलाय. मोर्चा, काळा दिवस, हुतात्म्यांना अभिवादन हे झालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या इतिहासानं पोराला फक्त चिडायला शिकवलं, तो त्याला रात्री झोपू देत नाही. त्याच इतिहासात बसून रंगवायला, लिहायला, गायला, दगड उचलायलाही जागा हवी.

खरा प्रश्न तुळशीच्या लग्नानंतरचा. किल्ला मोडला, माती पोत्यात भरली, आणि पोरं परत आपापल्या खोलीत. मग वर्षाचे उरलेले अकरा महिने? येळ्ळूरचा राजहंसगड आहे, पलीकडं चंदगड तालुक्यात महिपाळगड आहे. महिन्यातला एक रविवार तिथं प्लास्टिक उचलायला, झुडपं काढायला जाता येतं. (तट-बुरुजाच्या दगडांना मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका.) कडोली, उचगाव, येळ्ळूर इथली साहित्य संमेलनं आहेत. तिथं खुर्च्या मांडण्यापलीकडं तरुणांना काम द्या. गल्लीतल्या आज्जींची जात्यावरची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करा. आज्जीलाही कुणीतरी ऐकायला हवंच असतं.

आणि मंडळाच्या पाटीवर वर्गणीदारांच्या नावांखाली १४४१६ हा नंबर लिहा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फोन फुकट लागतो, भाषा निवडता येते. ज्याला झोप नाही, ज्याच्या डोक्यात मरणाचे विचार येतात, त्याला किल्ला पुरणार नाही. त्याला डॉक्टरच लागतो.

आता मुलींचं. सातवी-आठवीपर्यंत आम्हीही मावळे रंगवतो. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "तुम्ही रांगोळी बघा." ताण काय फक्त पोरांनाच येतो? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. यंदा आमच्या गल्लीत जिंजी करू या आणि त्यातला एक डोंगर मुलींकडं द्या, असं मी मंडळाच्या बैठकीत सांगितलंय. "रात्री बारापर्यंत काम चालतं, मुली कशा थांबणार?" असं एका दादानं विचारलं. मी म्हटलं, मग काम पाचला सुरू करा.