बर्फ गेला, तारीख लिहा

तलावावरचा बर्फ गेला की नाही, या एका प्रश्नावरून माझ्या दोन शेजाऱ्यांचं वर्षानुवर्षं जमत नाही. समोरच्या आजोबांचं म्हणणं, होडी या काठावरून त्या काठाला बर्फावर न आपटता गेली की बर्फ गेला. पलीकडच्या निवृत्त संगीतशिक्षिका म्हणतात, छे, दहातले नऊ भाग पाणी मोकळं दिसलं की झालं. दोघांच्या तारखांत कधी दोन दिवसांचं अंतर पडतं, कधी चारांचं. भांडण मात्र अगदी ल्युथरन. आवाज चढत नाही. बाई केक पाठवतात, आजोबा ताट धुऊन परत करतात आणि दोघंही आपापली तारीख लिहून ठेवतात.

मी मूळची नगरची. मिनेसोटातल्या या नॉर्वेजियन वस्तीच्या गावात येऊन मला बारा वर्षं झाली. आजोबांना इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारावी लागते, ती अजून जिभेला जड जाते, म्हणून मनातल्या मनात ते आजोबाच. ना. वा. टिळकांची गीतं म्हणत वाढलेल्या मला चर्च परकं नव्हतं, परका होता तो इथला अबोलपणा. उपासनेला मागचे बाक आधी भरतात. ‘वाईट नाही’ ही कमाल स्तुती. आणि तुमच्या पदार्थाला कोणी ‘वेगळा आहे’ म्हणालं, तर तो पुन्हा करू नये. उपवासकाळात दर बुधवारी चर्चच्या तळघरात सूप असतं. माझ्या मसूरच्या सूपला हा शेरा मिळालेला आहे. कांदा-लसूण मसाला जरा सढळ हाताने पडला होता.

गाव एवढंसं, पण ल्युथरन चर्च दोन. देवाने कोणाला तारायचं हे आधीच ठरवलं आहे का, या वादात 1880 च्या दशकात नॉर्वेजियन मंडळ्या फुटल्या आणि कित्येक गावांत दुसरं चर्च उभं राहिलं. 1917 मध्ये बहुतेक सगळे पुन्हा एकत्र आले, इमारती तेवढ्या दोन राहिल्या. अशा लोकांनी बर्फाच्या व्याख्येवरून अबोला धरला, तर नवल काय?

2023-24 चा हिवाळा हा या राज्याच्या नोंदींतला सर्वांत उबदार. उत्तरेकडची बेअरग्रीज ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची नावाजलेली शर्यत त्या वर्षी बर्फाअभावी रद्द झाली. आमच्याकडे मार्चच्या सुरुवातीला लोक अर्ध्या बाहीच्या शर्टात सूप प्यायला आले. ‘काय सुरेख हवा!’ म्हणजे इथल्या मानाने कडेलोटच. तीनच चेहरे उतरलेले होते. आजोबा, बाई आणि आमच्या मागच्या घरातले मॅपलचा पाक करणारे एकटे गृहस्थ.

हे गृहस्थ पाक गॅरेजमध्ये आटवतात, कारण एका वर्षी स्वयंपाकघरात आटवला तेव्हा वाफेने भिंतीवरचा कागद सोलून निघाला होता. साधारण 40 लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. रस वाहायला रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब लागते. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते. त्या बुधवारी त्यांनी मला गॅरेजमध्ये नेऊन चमचाभर रस चाखवला. ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. ‘वेगळा आहे,’ मी म्हणाले. ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

आजोबांनी डायरी उघडली. बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळते तसली, आणि नोंदी पेन्सिलीच्या, कारण थंडीत शाई गोठते. वर्ष, तारीख आणि पुढे एकच शब्द: ‘गेला’. इतक्या लवकरची तारीख त्यांनी आजवर लिहिली नव्हती. बाईंनी आपली वही काढली. व्याख्या निराळी, निष्कर्ष तोच. त्या संध्याकाळी दोघं एका टेबलावर बसले.

गाव या तिघांना चक्रम म्हणतं. माझं मत विचाराल तर गावात शहाणे हे तिघंच. लवकर आलेला वसंत बाकीच्यांना बक्षीस वाटला. ती उधारी आहे हे यांनाच कळलं, कारण हिशेब यांच्याकडेच होता. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या टोर्न नदीचा बर्फ कधी फुटला याची नोंद 1693 पासून आहे; ती सुरू केली एका व्यापाऱ्याने. जपानमधल्या सुवा सरोवराच्या गोठण्याची नोंद शिंतो पुजाऱ्यांनी 1443 पासून ठेवली. हवामान किती बदललं हे सांगताना शास्त्रज्ञ आज त्याच नोंदी उघडतात. माझा मुलगा म्हणतो, आता उपग्रह आहेत की! असतील, पण ते कालपरवाचे.

राहुरीचे माझे मामा पहिल्या वळवाची तारीख कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत. आंब्याला मोहोर कधी आला, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, तेही. दर जानेवारीत आम्ही जुनं कालनिर्णय रद्दीत घालत आलो. तुमच्या घरात किंवा आळीत असं लिहिणारं कोणी असेल, तर रद्दीवाला येण्याआधी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.