ज्यू शाळेत आपली मुलं : मुंबईचा अनुभव आणि नाते-महाडसाठी धडा

अमेरिकेत एखाद्या ज्यू हायस्कूलची कायमस्वरूपी वास्तू उभी राहायला लागली की त्याचा मोठा सोहळा होतो. आधी अनेक वर्षं भाड्याच्या खोल्या, मग देणग्या, मग स्वतःची जमीन. अशी बातमी वाचून आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक, "त्यांचं त्यांना लखलाभ, आपल्याला काय?" आणि दुसरी, गाझाच्या बातम्यांनी मन पोळलेलं असताना ज्यूंच्या शाळेचं कौतुक कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करणं वेगळं आणि ज्यू समाजाकडे दुश्मन म्हणून बघणं वेगळं. निदान रायगडच्या माणसाने तरी हा फरक विसरू नये. बेने इस्रायली ज्यू इथे शेकडो वर्षं आपले शेजारी होते. तेल गाळायचा त्यांचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. घरात मराठी. आडनावं गावांवरून : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. कोकणी मुसलमानांची आडनावंही नेमकी अशीच बनली. अलिबाग, रेवदंडा, पनवेल इथली त्यांची प्रार्थनास्थळं आजही उभी आहेत.

आता पहिला प्रश्न, आपल्याला काय? तर बरंच काही.

१८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. नाखुदा महंमद अली रोगे हे त्यातले कोकणी मुसलमान. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने बेने इस्रायलींची शाळा सुरू झाली. दोन छोटे समाज, शहर एक आणि चिंता एकच : इंग्रजी राज्यात आपली मुलं मागे पडतायत. मिशनरी शाळेत घालावं तर धर्माची भीती, न घालावं तर भविष्याची.

अंजुमनची शाळा १८८० मध्ये सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनसमोरची तिची देखणी इमारत पूर्ण झाली १८९३ मध्ये. म्हणजे संस्था आणि तिची पक्की वास्तू यांच्यात जवळपास वीस वर्षांचं अंतर. इमारत शेवटी आली. माणसं, शिक्षक आणि कारभार आधी आला.

माझगावच्या बेने इस्रायली शाळेची गोष्टही अशीच. १९२२ पासून १९५० पर्यंत रेबेका रुबेन तिथे मुख्याध्यापिका होत्या. एवढा काळ एकच खमकी बाई शाळेच्या डोक्यावर असणं ही कुठल्याही इमारतीपेक्षा मोठी ठेव. बगदादहून आलेले आणि पुढे हाँगकाँग-शांघायला मोठे झालेले उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीने शाळेला आर्थिक बळ मिळालं आणि तिला त्यांचं नाव लागलं. परदेशात कमावलेला पैसा मुंबईच्या शाळेत आला. आखातात कमावणाऱ्या आपल्या घरांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

पण १९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू पाच हजारांच्या आत होते. मग शाळांचं काय झालं? त्या बंद पडल्या नाहीत. भायखळा-नागपाडा भागातल्या सर जेकब ससून हायस्कूलमध्ये आज बहुतेक विद्यार्थी मुस्लिम आहेत. ज्यू माणसाच्या नावाची शाळा आणि दप्तर घेऊन आत जाणारी मुलं आपली. सदका-ए-जारिया म्हणजे काय, हे समजवायला यापेक्षा सोपं उदाहरण कुठलं? देणारा गेला, त्याची बिरादरी दूर गेली, फायदा चालूच आहे.

आता आपल्या भागाकडे या. महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ मध्ये इथेच जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले, पण त्यासाठी शिकावं लागलं रोह्याला आणि मुंबईला. शंभर वर्षांनंतरही महाड-पोलादपूरच्या कित्येक घरांत दहावीनंतर तोच प्रश्न आहे : मुलाला पनवेलला ठेवायचं की मुंबईला? आणि मुलगी असेल तर प्रश्न तिथेच संपतो, शिक्षणही तिथेच संपतं.

राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. पैसाही अगदीच नाही असं नाही. मोहल्ल्यात मोठाली घरं उभी राहतात, लग्नांत लाखो उडतात. कमी पडतात त्या दुसऱ्याच गोष्टी.

एक, इमारतीसाठी चंदा देणारे भेटतात, शिक्षकाच्या पगारासाठी भेटत नाहीत. दगडावर नाव कोरता येतं, पगारपत्रकावर नाही. म्हणून बांधकामाच्या देणगीतला ठरावीक वाटा कायम ठेवीत टाकायचा आणि शाळा तिच्या उत्पन्नावर चालवायची, हा नियम जमातीने पहिल्या बैठकीतच करावा.

दोन, जागा. जुलै २०२१ चा महापूर महाडकर विसरलेले नाहीत. सावित्री आणि गांधारी फुगल्या की बाजारपेठ पाण्यात जाते. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून सोळा जीव गेले. फुकट मिळाली म्हणून पूररेषेतली जमीन घेऊ नका आणि ओळखीचा म्हणून कंत्राटदार नेमू नका. तिथे आपलीच मुलं बसणार आहेत.

तीन, दार. शाळा आपली असावी, पण फक्त आपल्यापुरती नसावी. शेजारच्या वाडीतलं कुणबी, बौद्ध, आदिवासी मूल तिथे आलं तर पटसंख्या टिकेल, आणि गावात गैरसमज पसरवणाऱ्यांना कमी वाव मिळेल. ससूनच्या शाळेचं दार आपल्या मुलांना बंद असतं, तर ती शाळा आज कुणासाठी चालली असती?

आपलीही तरुण पोरं दुबई, कुवेत, लंडनला पांगतायत. पन्नास वर्षांनी गावात किती घरं उघडी असतील, सांगता येत नाही. म्हणून पायाभरणीच्या दिवशी विचारायचा सवाल एकच : आपण इथे नसू तेव्हाही ही शाळा चालेल का? त्याचं उत्तर हो असेल, तरच पहिला दगड ठेवा.