गाणं तेच, गळा वेगळा

मुलांनो, ‘कव्हर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जून महिना, कोऱ्या वह्या, खाकी कागद आणि घरभर कात्री शोधणारे बाबा! पण गाण्यालाही कव्हर असतं, बरं का. एकानं गाजवलेलं गाणं दुसऱ्यानं नव्यानं गायलं की त्याला कव्हर म्हणतात. मोबाइलवर तुम्ही हा शब्द पाहिलाच असेल. आता सांगा, ही नक्कल झाली की नवं गाणं? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. मूर्तिजापूरपर्यंत चला.

अमरावतीकडून अकोल्याला रेल्वेनं निघालं की बडनेऱ्यानंतर मूर्तिजापूर स्टेशन लागतं. त्या गावी १९२० साली वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. गाणं शिकले नागपूरला आणि पुढे थेट लाहोरला जाऊन, नोकरी केली पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात. (गाणं येतं म्हणून गणिताला सुट्टी देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं!) दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पण वसंतराव गाऊ लागले की दीनानाथांची छापील प्रत ऐकतोय असं वाटत नाही. ते वसंतरावच वाटतात.

१९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं. लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब झाले वसंतराव. यात सदाशिव नावाचा एक तरुण आहे. खाँसाहेबांचं गाणं कानावर पडावं म्हणून तो त्यांच्या हवेलीत नोकर होऊन राहतो आणि चोरून शिकतो. म्हणजे बघा, गाणं चोरता येतं का, हाच प्रश्न नाटकात आहे! आणि खरी गंमत पुढेच. ‘घेई छंद मकरंद’ हे पद या नाटकात दोन चालींत आहे. एक चाल खाँसाहेबांची, दुसरी पंडितजींच्या परंपरेतली. शब्द तेच, पण ऐकताना दोन वेगळी माणसं समोर उभी राहतात. मला विचाराल तर गाण्याचा अख्खा तास या एका पदावर घेता येईल.

वसंतराव १९८३ साली गेले, तेव्हा त्यांचा नातू राहुल चार वर्षांचासुद्धा नव्हता. तोच नातू २०१० मध्ये त्याच नाटकात खाँसाहेब म्हणून उभा राहिला. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, पण गळा राहुल देशपांड्यांचा. आजोबांची सगळ्यांना पाठ असलेली गाणी गायची म्हणजे केवढी पंचाईत! तंतोतंत गायलं तर लोक म्हणणार नक्कल, बदललं तर म्हणणार बिघडवलं. दोघांचंही ऐका. काही वळणं अगदी आजोबांची आहेत, आणि काही ठिकाणी नातू खुशाल आपल्या वाटेनं जातो. मला त्या वाटेवरच्या जागा जास्त आवडतात.

साता समुद्रापार अमेरिकेतही असंच घडलं. ओटिस रेडिंग या गायकानं १९६५ साली ‘रिस्पेक्ट’ नावाचं गाणं लिहिलं आणि गायलं. कामावरून घरी येणारा नवरा बायकोकडे मान मागतो, असं ते गाणं. दोनच वर्षांनी अरीथा फ्रँकलिन या गायिकेनं ते घेतलं. आता मान मागणारी बाई झाली! तिनं त्या शब्दाची स्पेलिंगच एकेक अक्षर सुटं करून गाण्यात घातली, जी मूळ गाण्यात नव्हती. ते गाणं स्त्रियांनी आणि आपल्या हक्कांसाठी लढणाऱ्या काळ्या लोकांनी डोक्यावर घेतलं. हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून पळवलं, असं ओटिसनंच पुढे एका कार्यक्रमात हसत हसत सांगितलं.

सगळीच कव्हरं अशी नसतात म्हणा. तुमच्या आईबाबांना त्यांच्या लहानपणच्या ‘व्हर्जन’ कॅसेटी आठवतील. जुनीच गाणी, नवे आवाज, किंमत कमी. त्यातल्या कितीतरी नुसत्याच नकला होत्या. नकलेतून शिकायला सुरुवात होते, हे मात्र खरं. बाळ बोलायला तसंच तर शिकतं.

आता आमच्या शाळेतली गोष्ट. चौथीतल्या एका मुलीनं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन म्हणायला घेतलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मागून आवाज आला, “मॅडम, हिची चाल चुकली ना जी! मोबाइलमध्ये अशी नाही.” वर्ग हसला. ती मधेच थांबली आणि मान खाली घालून बसली. विचारलं तेव्हा कळलं, ती चाल तिच्या आजीच्या गावच्या भजनी मंडळाची होती.

तुकडोजी महाराज आपल्या अमरावती जिल्ह्यातले. जन्म यावलीचा, १९०९ चा. आश्रम गुरुकुंज मोझरीला. ते स्वतः खंजिरीवर भजन म्हणत. आज गावोगावची मंडळं ती भजनं म्हणतात, आणि दर गावाची खंजिरी थोडी वेगळी वाजते. कोणाची चाल चूक म्हणणार? शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ हे नाव येतं, तशी जुन्या अभंगांत ‘तुका म्हणे’ अशी खूण असते. चाल बदलो, गळा बदलो, कवीचं नाव गाण्यातच बांधलेलं. ‘हे कोणाचं गाणं?’ असं वेगळं विचारायची गरजच नाही. सिनेमाच्या गाण्यात ही सोय नसते. म्हणून स्नेहसंमेलनात गाणं म्हणण्याआधी कवी, संगीतकार आणि पहिला गायक यांची नावं सांगायची, असा आमच्या वर्गानं नियम केला.

त्या दिवशी ती मुलगी पुन्हा उभी राहिली आणि आजीच्याच चालीत सगळं भजन म्हणाली. हसणाऱ्या मुलानं बाकावर ठेका धरला, तोही जरा जास्तच जोरात!

या आठवड्याचा गृहपाठ: घरातलं एखादं भजन, पाळणा किंवा जात्यावरची ओवी आजीकडून ऐका. मग तीच आईकडून किंवा मावशीकडून ऐका. कुठे फरक पडला ते वहीत लिहा. आणि तिसऱ्यांदा तुम्ही म्हणा, मोबाइल बाजूला ठेवून.