चारमिनारला जाता, गोलाईला का नाही?

लातूर-नांदेडच्या मुस्लीम घरांत ‘बच्चों को घुमाके लाते’ म्हटलं की गाडी हैदराबादच्या रस्त्याला लागते. चारमिनार, लाडबाजारच्या बांगड्या, बिर्याणी, फोटो. जरूर जा. पण परत आल्यावर ‘आपली विरासत पाहून आलो’ असं सांगता, त्याला माझा आक्षेप आहे. विरासत काय फक्त हैदराबादेतच आहे?

लातूरची गंजगोलाई 1917 ची, म्हणजे मीर उस्मान अली खानांच्या काळातली. चौकाचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मधोमध दुमजली गोलाकार इमारत, तिच्यात अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ, सगळं तिथंच. (फारसी-उर्दूत गंज म्हणजे खजिना, बाजारपेठ. माझ्या मराठीच्या तासाला मुलं सांगतात, ‘लोखंडाला चढतो तो!’)

‘तिथं बघायचं काय मॅडम, तो तर बाजार आहे,’ हे पालकांचं ठरलेलं उत्तर. मग चारमिनारच्या भोवती काय आहे? बाजारच ना!

खरी अडचण वेगळी आहे. गोलाई आपल्यात पुरुषांची आहे. बायका-मुली तिथं येतात त्या ईदच्या खरेदीला, तेही मागून ‘चलो, चलो’ ऐकत. काही काम नसताना, नुसतं मान वर करून ती इमारत पाहायला त्यांना कोण नेतं? चारमिनारपाशी त्याच बायका निवांत फिरलेल्या चालतात, कारण तिथं ओळखीचं कोणी भेटत नाही. इथं मात्र ‘लोग क्या बोलेंगे’. माझ्या वर्गातल्या मुली ‘मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ’ या निबंधात चारमिनारवर दोन पानं लिहितात. गोलाईला रस्ते किती, विचारलं की एकमेकींकडे बघतात.

निजामाचं नाव निघालं की आपल्याला ‘हैदराबादला जा’ म्हणणारे कमी नाहीत. त्यांना ‘आम्ही इथलेच’ सांगता सांगता आपला घसा कोरडा पडतो. आणि सुट्टी मिळाली की पोराबाळांना घेऊन आपण स्वतःच हैदराबादला निघतो! अंबाबाईचं मंदिर ज्या चौकात आहे तो एका फैयाजुद्दीननं आखला, हे उत्तर आपल्या दहा वर्षांच्या पोरीला देता आलं पाहिजे. ते तिला कोण सांगणार?

रविवारी सकाळी लवकर जा, दुकानं उघडायच्या आत. गर्दी नसते, गाडी लावायला जागा मिळते. दादीला न्या, अम्मीला न्या. मुलांना 16 रस्ते मोजू द्या. आणि खरेदीची पिशवी घरीच ठेवा.