मेजवानी, वर्गणी आणि शॅम्पेन

आमच्या कचेरीतील एका अधिकाऱ्यांना नुकतीच बढती मिळाली. माणूस सज्जन, तेव्हा आनंद सर्वांनाच झाला. पण मेजवानीसाठी जी समिती बसली तिने पहिला ठराव केला तो जेवणाचा नव्हे, शॅम्पेनचा. "साहेबांचा मान आहे, बाटली फ्रेंचच हवी," असे एका मराठी गृहस्थांनीच बजावले. स्थळ रायपुरातील एक हॉटेल. वर्गणी माणशी 2,000 रुपये, शिपायालाही तेवढीच. मी विरोध केला तेव्हा कंजूष आणि जुनाट अशी दोन विशेषणे मला मिळाली. त्यांचे उत्तर देणे मला प्राप्त आहे.

मी मद्यनिषेधाचा प्रचारक नव्हे. ज्याला प्यावयाचे असेल त्याने खुशाल प्यावे; मात्र आपण काय पितो ते जाणून प्यावे. आमच्या समितीने 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली बाटली निवडली. कारण काय, तर 'एक्स्ट्रा' म्हणजे वरच्या दर्जाची! वस्तुतः हे शब्द साखरेचे प्रमाण सांगतात, प्रतिष्ठेचे नव्हे. लिटरमागे 12 ग्रॅमहून कमी साखर असेल तर 'ब्रूट'. 12 ते 17 ग्रॅम असेल तर 'एक्स्ट्रा ड्राय'. म्हणजे नावाने अधिक कोरडी वाटणारी बाटली प्रत्यक्षात अधिक गोड! आणि श्रीखंडपुरीच्या पंगतीला काही शोभलेच, तर ते 32 ते 50 ग्रॅम साखरेचे 'देमी-सेक'. कोरडी वाइन गोड पक्वान्नापुढे आंबट लागते. एवढा विचार ज्यांनी केला नाही, त्यांनी रसिकतेच्या गोष्टी सांगू नयेत.

आता 'फ्रेंचच हवी' या हट्टाकडे वळू. शॅम्पेन हे मुळात फ्रान्समधील एका प्रदेशाचे नाव आहे, आणि तेथील द्राक्षांपासून तेथेच झालेल्या फेसाळ वाइनलाच ते शोभते. परंतु कृती काही त्या मातीशी बांधलेली नाही. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण घडवून आणण्याची तीच पद्धत महाराष्ट्रात कित्येक वर्षे वापरात आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी श्यामराव चौगुले यांच्या कंपनीने 1980 नंतरच्या दशकात फेसाळ वाइन तयार करून ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी धाडली. ती कंपनी पुढे टिकली नाही, पण वाट पडली. नाशिकच्या सुला कंपनीची 'ब्रूट' याच पद्धतीची. एवढेच नव्हे, शॅम्पेनसाठी जगभर नावाजलेल्या मोएत घराण्याच्या उद्योगसमूहानेच 2013 साली दिंडोरीची फेसाळ वाइन 'शाँदों' या नावाने बाजारात आणली. आमच्या द्राक्षांना त्यांनी नाक मुरडले नाही; नाक मुरडले ते आम्ही! परदेशी वाइनवर कित्येक वर्षे 150 टक्के आयातशुल्क होते. म्हणजे जादा पैशाचा मोठा वाटा चवीसाठी नव्हे, नुसत्या चिठ्ठीसाठी मोजला जात होता.

आणि ज्या छत्तीसगडात आपण राहतो तेथे मोहाच्या फुलांची दारू आदिवासी आपल्या देवाला वाहतो. तिला आम्ही गावंढळ म्हणतो. ती प्यावी असे माझे म्हणणे नाही. परंतु एका जमिनीचे पेय ते संस्कृती आणि दुसऱ्या जमिनीचे ते व्यसन, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

शेवटची गोष्ट नियमाची. 1964 च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतील नियम 22 सांगतो की, सरकारी नोकराने सार्वजनिक ठिकाणी मादक पेय घेण्यापासून दूर राहावे. आणि पैसे देऊन का होईना, जेथे लोकांना प्रवेश मिळतो ते ठिकाण सार्वजनिकच. हॉटेल दुसरे काय असते? इतरांच्या फायलींवर नियमांचे दाखले देण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी आपल्या पंगतीपुरता नियम गुंडाळून ठेवावा, याला काय म्हणावे?

आमच्या शिपायाने ती वर्गणी उसनी काढून भरली. हे मला मेजवानीनंतर कळले, आणि विरोध करूनही मी स्वतः पहिल्याच दिवशी पैसे देऊन मोकळा झालो होतो, याची शरम वाटली. त्याने त्या पेयाला हातही लावला नव्हता. 'नाही' म्हणण्याची सोय मात्र त्याला नव्हती. साहेबांच्या मानाचा खर्च अखेर कोणाच्या खिशातून गेला, हे साहेबांच्या कानी तरी गेले असेल काय?

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माझ्या मराठी बांधवांना माझी सूचना साधी आहे. मेजवानीची वर्गणी पगाराच्या मानाने असावी आणि ती जेवणापुरतीच असावी. ज्यांना शॅम्पेन हवी त्यांनी ती स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरी, कायदा पाळून घ्यावी. निवडताना किमतीआधी साखरेचे प्रमाण वाचावे, रायपूरच्या उन्हाळ्यात बाटली तापू देऊ नये, आणि नाशिकची घेतली तर ती लपवू नये. ही सूचना कंजूषपणाची वाटत असेल, तर ते विशेषण मी आनंदाने धारण करतो.