सीमाभागांतील मुख्याध्यापकांचें शिक्षण

सीमाप्रश्नाचें नांव निघालें कीं, अमुक गांव कोणत्या राज्यांत असावें याविषयीं वाद माजतो. परंतु त्या गांवांतील शाळा कोण चालवितो व ती चालविण्याची विद्या त्यास कोणी शिकविली, हें क्वचितच कोणी विचारतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना अमलांत आली, तेव्हां कोठें तरी रेषा ओढावी लागलीच. तिच्या अलीकडे जत, अक्कलकोट या तालुक्यांत कानडी शाळा राहिल्या. पलीकडे बेळगांव, खानापूर, निपाणी या टापूंत मराठी शाळा राहिल्या. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालीं आला, सर्वोच्च न्यायालयांत दावा २००४ सालीं दाखल झाला. त्याचा निकाल लागेल तेव्हां लागो. सहा वर्षांचें मूल मात्र निकालाची वाट पाहत थांबत नाहीं.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळावें, यासाठीं पुरेशी सोय करण्याचा यत्न प्रत्येक राज्यानें व स्थानिक संस्थेनें करावा, असें घटनेचें ३५० अ हें कलम सांगतें. हें कलमही १९५६ सालचेंच. परंतु सोय म्हणजे खोली, फळा व पुस्तकें एवढेंच समजून सरकारें स्वस्थ बसतील, तर तें आमच्या मतें कलमाचें अर्धेंच पालन होय. शाळा कशी चालते हें बव्हंशीं तिच्या मुख्याध्यापकावर अवलंबून असतें. आणि सीमाभागांत नेमकी हीच बाजू दुबळी राहण्याचें भय आहे.

याचें कारण आंकड्यांत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत १५० हून अधिक मुलें असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक द्यावा लागतो. सहावी ते आठवीसाठीं ही संख्या १०० हून अधिक हवी. खेड्यांतील अल्पसंख्य भाषेची शाळा बहुधा लहानच असते. तेथें एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाच्या हातीं कारभार सोंपविला जातो. तोच वर्ग शिकवितो, हजेरीपट राखतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो व व्यवस्थापन समितीची सभा बोलावितो. शिवाय जतकडे शिकवावयाचें कानडींत व कचेरीस उत्तर द्यावयाचें मराठींत; खानापुराकडे सारें याच्या उलट. याचें काम शहरांतील मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाहून सोपें खचित नाहीं. परंतु पदांच्या यादीवरून प्रशिक्षणाची यादी केली, तर पद नाहीं म्हणून नांव सुटणार तें याचेंच!

व्यवस्था मुळींच नाहीं, ही सबब येथें चालावयाची नाहीं. मुख्याध्यापकांच्या शिक्षणासाठीं दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेंत २०१२ सालीं स्वतंत्र केंद्र निघालें. २०२० च्या शिक्षणधोरणानें मुख्याध्यापकांनीं दरसाल किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावें असें म्हटलें. २०१८ सालच्या समग्र शिक्षा योजनेंत खर्चाचे ६० भाग केंद्राचे व ४० भाग राज्याचे ठरले. शिक्षकांसाठीं २०१७ सालीं निघालेल्या 'दीक्षा' व्यवस्थेंत मराठी व कानडी या दोनही भाषांस जागा आहे. तेव्हां प्रश्न आहे तो पैसा कोणापर्यंत पोंचतो हा.

आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, ज्याच्या हातीं कारभार तो मुख्याध्यापक, असें प्रशिक्षणापुरतें तरी मानावें. दुसरी, शिक्षण शाळेच्या भाषेंत द्यावें व कचेरीच्या भाषेचा निराळा अभ्यास त्यास जोडावा. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, प्रशिक्षणाच्या दिवसांत बदली शिक्षकाचा खर्च त्याच निधींतून व्हावा. दोन शिक्षकांच्या शाळेंतून एक शिक्षक गेला कीं अर्धी शाळा बंद पडते. म्हणूनच भला शिक्षक जावयास कचरतो.

कोणी म्हणेल, परभाषेच्या मूठभर शाळांसाठीं आमच्या कराचा पैसा कां? सांगलीची हळद व निपाणीची तंबाखू यांचा व्यापार करणाऱ्यांस तरी हें सांगावयास नको कीं, त्यांचें गिऱ्हाईक रेषेच्या दोनही बाजूंस आहे. मुनीमास जमाखर्च न शिकवितां त्याच्या हातीं पेढी देणारा व्यापारी आम्हीं पाहिला नाहीं. मग शाळाच तशी कां सोंपवावी? २०२२ सालीं महाराष्ट्रांतील कानडी शाळांस अनुदान देण्याची घोषणा कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनीं केली, तेव्हां इकडे राग आला. त्या रागास खरें उत्तर एकच होतें: आमच्या शाळांस शेजाऱ्याच्या मदतीची गरजच पडूं न देणें. हीच कसोटी कर्नाटकानें बेळगांवच्या मराठी शाळांस लावून पाहावी.

कोल्हापूर जिल्ह्यांत जन्मलेले जे. पी. नाईक धारवाडास शिकले, त्या जिल्ह्यांतील खेड्यांत त्यांनीं लोकसेवा केली आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. जवळच्या शाळांनीं समूह करून एकमेकींस साहाय्य करावें, ही कल्पना त्याच आयोगाची. ती सीमाभागांत दोन भाषांच्या शाळांनीं अमलांत आणावी. नकाशाचा वाद न्यायालय सोडवील. शाळेचा प्रश्न सोडविण्यास दोनही सरकारांस कोणाच्या निकालाची गरज नाहीं.